किल्ली कोणाकडे, पोच कोणाची

महिनाअखेरीला कारखान्याच्या हिशेबखात्यातून बँकेकडे एक फाइल जाते. आठशे कामगार असतील तर आठशे ओळी, आणि प्रत्येक ओळीत नाव, खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी कोड व रक्कम. फाइल छोटीच असते, फोनमधल्या एका फोटोपेक्षाही लहान. पण वाटेत कोणी ती वाचली तर आठशे घरांची मिळकत उघडी पडते, आणि तीन खाते क्रमांक कोणी बदलले तर तीन घरांत पगार पोचत नाही. अशाच फाइली सुट्या भागांच्या पुरवठादाराला पुढच्या आठवड्यांची मागणी कळवतात, रुग्णालयाची बिलं विमा कंपनीला पोचवतात, वितरकाकडचा औषधांचा साठा उत्पादकाला सांगतात. दोन धंद्यांमधली देवघेव आजही मोठ्या प्रमाणावर फाइलींवर चालते. गेल्या काही वर्षांत या फाइलींचा मुक्काम कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून क्लाउडवर हलला, आणि त्याबरोबर एक प्रश्न आला: ही व्यवस्था पडद्यावर बटणं दाबून उभी करायची की कोड लिहून? वरवर पाहता हा इंजिनिअरांच्या सोयीचा मामला वाटतो. माझं म्हणणं वेगळं आहे. फाइलीला लागणारी कुलपं केव्हाच तयार झाली आहेत. जे पुन्हा पुन्हा तुटतं ते कुलपाभोवतीची ठरवाठरवी, म्हणजे किल्ली कोणाला दिली, कशासाठी दिली, कोणत्या तारखेपर्यंत, आणि परत कोण घेणार. ही ठरवाठरवी कोडमध्ये लिहिली की ती वाचता येते, तपासता येते आणि वेळ आली की मोडताही येते. हा फायदा खरा आहे, पण तो अर्धाच आहे, कारण समोरच्या पक्षाची बाजू आपल्या कोडमध्ये कधीच नसते.

कुलपांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. फाइल पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीचा पहिला मसुदा, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचा क्रमांकित जाहीर दस्त), अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. ते कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. त्या जाळ्यावर यंत्रं मोजकी होती आणि माणसं ओळखीची, त्यामुळे पासवर्ड उघडा जातो हे कोणाला खुपलं नाही. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असे उघडे पासवर्ड टिपले गेले, आणि तिथल्याच तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. एसएफटीपी हे त्याच घराण्यातलं. विशेष म्हणजे एसएसएचची मानकं २००६ मध्ये रीतसर आरएफसी म्हणून प्रसिद्ध झाली, पण एसएफटीपीचा मसुदा त्याच सुमाराला थांबला तो थांबलाच. आज बहुतेक सर्व्हर त्या मसुद्याची तिसरी आवृत्ती बोलतात. तरी तिचं काम चोख चालतं. वाटेत ऐकणाऱ्याला काही कळत नाही, आणि पासवर्डाऐवजी किल्लीची जोडी वापरली की चोरण्यासारखा शब्दच वाटेवर जात नाही.

एएस२ ही दुसरी पद्धत धंद्याच्या गरजेतून आली आणि ती जास्त विचार करायला लावते. २००२ मध्ये वॉलमार्टने आपल्या पुरवठादारांना ती वापरायला सांगितलं, आणि २००५ मध्ये ती आरएफसी ४१३० म्हणून नोंदली गेली. तिच्यात पाठवणारा आपल्या खासगी किल्लीने फाइलीवर सही करतो, मग समोरच्याच्या सार्वजनिक किल्लीने तिला कुलूप घालतो आणि साध्या वेबच्या मार्गाने धाडतो. घेणारा कुलूप काढतो, सही ताडून पाहतो, मजकुराचा हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून निघणारा छोटा ठसा, काढतो आणि तो हॅश घातलेली, स्वतःची सही असलेली पोच उलट पाठवतो. या पोचेला एमडीएन म्हणतात. रजिस्टर एडीची पावती लखोटा मिळाला एवढंच सांगते, आत कोरा कागद होता की नोटीस, हे सांगत नाही. एमडीएन दोन्ही सांगते. पाठवणाऱ्याने आपल्याकडचा हॅश पोचेतल्या हॅशशी जुळवला की ‘फाइल आलीच नाही’ किंवा ‘आली ती वेगळी होती’ असं म्हणायला जागा उरत नाही. एसएफटीपीत अशी सही केलेली पोच नसते. तिथे दोघांचे आपापले लॉग, आणि वाद झाला की ज्याचा त्याचा शब्द. म्हणून मागणीपत्रक, बिल, माल पाठवल्याची आगाऊ सूचना अशा ज्या कागदांवरून पुढे पैशाचा वाद होऊ शकतो, त्यांच्यासाठी एएस२ चा खटाटोप मला योग्य वाटतो. रोजच्या साठ्याच्या आकड्यासाठी तो नको.

मग नुकसान कुठे होतं? फाइल देवघेवीच्या क्षेत्रातले गेल्या पाच-सहा वर्षांतले मोठे घाव पाहा. २०२० च्या डिसेंबरात अ‍ॅक्सेलिअनचं फाइल ट्रान्स्फर अप्लायन्स, २०२३ च्या जानेवारीत गोएनीव्हेअर, त्याच वर्षी मेच्या अखेरीस मूव्हइट ट्रान्स्फर, २०२४ च्या अखेरीस क्लिओची उत्पादनं. चारही वेळा क्लॉप या खंडणीखोर टोळीचं नाव पुढे आलं. एकट्या मूव्हइटच्या प्रकरणात अडीच हजारांहून अधिक संस्थांना फटका बसला. यांतल्या एकाही ठिकाणी कोणाला एन्क्रिप्शन फोडावं लागलं नाही. मूव्हइटमध्ये घुसखोर वेब पानावरच्या एसक्यूएल इंजेक्शनमधून, म्हणजे पाठ्यपुस्तकात शिकवल्या जाणाऱ्या चुकीतून आत शिरले आणि सर्व्हरवर साठून राहिलेल्या फाइली उचलून घेऊन गेले. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीत २०१३ मध्ये चोर आले ते वातानुकूलन यंत्रणेचं काम करणाऱ्या कंत्राटदाराची लॉगिन ओळख वापरून, आणि सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील गेला. कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या २०१९ च्या प्रकरणात फायरवॉलची मांडणी चुकली होती आणि तिच्यामागच्या भूमिकेला, म्हणजे यंत्राला क्लाउडमध्ये दिलेल्या ओळखीला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त अधिकार दिलेले होते. सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती बाहेर पडली आणि पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. या घटना एकमेकींपासून दूरच्या आहेत, पण त्यांतून तीन दोष वर येतात: दुरुस्त न झालेलं सॉफ्टवेअर, काम झाल्यावरही पडून राहिलेल्या फाइली, आणि भागीदाराला किंवा यंत्राला दिलेला अवाच्या सवा अधिकार.

यांतला पहिला दोष क्लाउड सेवेने बराचसा आपल्या अंगावर घेतला. अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २०१८ मध्ये एसएफटीपीची तयार सेवा आणली, एप्रिल २०२० मध्ये तिच्यात एफटीपीएस व एफटीपी मिळवून तिला ट्रान्स्फर फॅमिली असं नाव दिलं, जुलै २०२२ मध्ये एएस२ जोडलं, आणि पुढच्या वर्षी भागीदाराच्या सर्व्हरवरून आपणच फाइल ओढून आणणारे एसएफटीपी कनेक्टर दिले. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ मध्ये अझुरच्या ब्लॉब साठ्याला एसएफटीपीचं दार बसवलं. सर्व्हरचं भोक बुजवणं, नवी आवृत्ती चढवणं ही कामं पुरवठादाराकडे गेली. दार कोणाला आणि किती उघडायचं, हे मात्र आपल्याकडेच राहिलं. उरलेले दोन दोष त्यातच मोडतात, आणि कोडचं खरं काम तिथून सुरू होतं.

हा कोड दिसतो कसा, ते एकदा जवळून पाहू. टेराफॉर्म हे त्यासाठीचं सर्वांत रुळलेलं साधन. हॅशिकॉर्पने ते २०१४ मध्ये काढलं, २०२३ मध्ये त्याचा परवाना आवळला, आणि त्यातून ओपनटोफू ही खुली शाखा फुटली. फाइल दोन्हींत जवळपास सारखीच लिहिली जाते. एएस२ च्या भागीदारासाठी तिच्यात पाचेक खंड येतात. पहिला खंड सर्व्हरचा. दुसरा आपल्या ओळखीचा, ज्यात आपला एएस२ आयडी असतो. तिसरा भागीदाराच्या ओळखीचा. चौथ्यात प्रमाणपत्रं, कोणतं सहीसाठी, कोणतं कुलपासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालणार. पाचव्या खंडाचं नावच अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे करार. हा सर्व्हर, ही आपली ओळख, ही त्यांची ओळख, आलेली फाइल अमुक फोल्डरमध्ये उतरेल, ती तिथे ठेवण्यापुरता अधिकार अमुक भूमिकेला आहे, आणि करार सध्या चालू आहे की बंद, हे सगळं त्याच्या सहा-सात ओळींत येतं. आपल्याकडून बाहेर पाठवायचं असेल तर कनेक्टरचा आणखी एक खंड लागतो. त्यात भागीदाराचा पत्ता, कुलपासाठी एईएस २५६, सहीसाठी शा २५६, आणि पोच हवी की नको. पोचेच्या त्या ओळीत ‘नन’ हा एक शब्द लिहिला की पोच येणं बंद. कुलपाच्या ओळीतही ‘नन’ चालतो. पडद्यावरच्या फॉर्ममध्ये हा पर्याय यादीतल्या इतर पर्यायांसारखाच एक, आणि चाचणीच्या घाईत कोणी तो निवडला तर सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहणार? कोडमध्ये तो बदल लाल आणि हिरव्या दोन ओळी होऊन तपासणाऱ्यासमोर उभा राहतो, बदलणाऱ्याच्या नावासकट.

महाराष्ट्रात ज्याने जमिनीचा व्यवहार पाहिला आहे त्याला हे नवं वाटू नये. सातबारा आजची स्थिती सांगतो, आणि ती स्थिती कशी आली ते फेरफार सांगतो: कोणत्या दस्ताने, कोणत्या तारखेला, कोणाची हरकत आली का, नोंद कोणी मंजूर केली. नुसता सातबारा हातात असलेल्या माणसाला वाद सोडवता येत नाही, त्याला फेरफार पाहावे लागतात. क्लाउडचा कन्सोल, म्हणजे बटणांचा तो पडदा, हा फक्त सातबारा. तो आत्ता दार उघडं आहे एवढं दाखवतो. कोडची रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांचा साठा, त्याला फेरफाराची जोड देते, आणि तिथेही नोंद प्रमाणित करणारा दुसरा माणूस असतो. कोडमुळे काम झटपट होतं अशी जाहिरात फार होते. मला तो गुण दुय्यम वाटतो. भागीदार जोडायला एक दिवस लागला काय किंवा एक तास लागला काय, करार दोन-पाच वर्षं चालणार असतो. त्या वर्षांत माणसं बदलतात, आणि बदललेल्या माणसाला ‘या पुरवठादाराला मुळाच्या फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार का आहे?’ या प्रश्नाचं उत्तर कुठे सापडेल, हा खरा मुद्दा आहे. मध्यरात्री कोणी कन्सोलमधून परस्पर बदल केला, तर पुढच्या वेळी टेराफॉर्मचा प्लॅन, म्हणजे कोड आणि प्रत्यक्ष स्थिती यांतल्या फरकांची यादी, काढताना तो बदल उघड होतो. अर्थात प्लॅन कोणीतरी नियमित काढत असेल तरच. वर्षातून एकदा चालणारा कोड हा जुना नकाशा असतो.

अधिकार मोजून कसे द्यायचे, ते एसएफटीपीच्या वापरकर्त्यावरून सर्वांत चांगलं कळतं. पुरवठादाराला आपली बिलं टाकायची आहेत, एवढंच त्याचं काम. तर त्याच्या खंडात त्याच्या घरचं फोल्डर अशा तऱ्हेने बांधायचं की आत आल्यावर त्याला तेवढंच फोल्डर संपूर्ण जग म्हणून दिसेल, बकेटचं, म्हणजे क्लाउडवरच्या साठ्याचं, खरं नावसुद्धा कळणार नाही. अधिकार लिहिण्याचा, वाचण्याचा नाही, खोडण्याचा तर नाहीच. मग त्याची किल्ली चोरीला गेली तरी चोराला जुनी बिलं वाचता येत नाहीत. टाकलेली फाइल प्रक्रिया होताच आतल्या दुसऱ्या साठ्यात हलवायची, आणि उतरण्याच्या जागी सात दिवसांहून जुनं काही राहणार नाही असा नियम बकेटच्या खंडात लिहायचा. मूव्हइटच्या घटनेतून घ्यायचा धडा या दोन ओळींत मावतो: जे तिथे नाही ते चोरीला जात नाही. याच भागात एक बारीक दगड नेहमी पायाला लागतो. जोडणी मध्येच तुटली तर अर्धवट फाइल उतरते, आणि ती पूर्ण आहे असं समजून पुढचा प्रोग्राम ती उचलतो. आठशे ओळींपैकी पाचशे ओळींचा पगार होतो. म्हणून शेवटच्या ओळीत एकूण ओळी व एकूण रक्कम लिहायची, ही जुनी शिस्त क्लाउडवरही तितकीच लागते. मात्र ती भागीदाराने पाळायची असते. आपला कोड फार तर न जुळलेली फाइल बाजूला काढून ठेवू शकतो.

भागीदाराच्या बाजूचा हा भाग सर्वांत नाजूक होतो तो ओळखीच्या प्रश्नात. एसएफटीपीने पहिल्यांदा जोडताना समोरच्या सर्व्हरच्या किल्लीचा (होस्ट कीचा) ठसा पडद्यावर येतो, ४३ अक्षरांचा, आणि हाच तो सर्व्हर का असं विचारलं जातं. बहुतेक वेळा तो न वाचताच ‘येस’ टाइप होतं. मार्च २०२३ मध्ये गिटहबची आरएसए होस्ट की थोडा वेळ सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली आणि त्यांनी ती २४ तारखेला बदलली, तेव्हा जगभरच्या संगणकांवर धोक्याची सूचना झळकली. जुनी किल्ली काढून डोळे मिटून नवी स्वीकारणारे त्या दिवशी किती असतील याची कल्पना करता येते. क्लाउडच्या कनेक्टरमध्ये समोरच्या सर्व्हरची सार्वजनिक किल्ली विश्वासू म्हणून कोडमध्ये लिहावी लागते, ‘येस’ म्हणण्याचा तो क्षण वगळला जातो, हे फार चांगलं झालं. पण ती किल्ली आपल्याकडे आली कशी? बहुधा ईमेलने. आणि ईमेल ज्याने बळकावलं आहे तो आपलीच किल्ली पाठवेल. यावर कोडकडे उत्तर नाही. ओळखीच्या माणसाला, आधीपासून आपल्याकडे असलेल्या फोन नंबरवर, फोन करून ठशाची अक्षरं वाचून घेणं एवढंच उत्तर आहे. कोड इतकं करू शकतो की किल्लीच्या वरच्या ओळीत ठसा कोणी, कोणत्या तारखेला, कोणाशी बोलून ताडला याची टीप असल्याशिवाय तपासणाऱ्याने बदल मंजूर करायचा नाही, असा नियम घालता येतो.

मुदतीचा प्रश्नही असाच दोघांचा आहे. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या सव्वातीन कोटींच्या आसपास ग्राहकांचा डेटा बंद पडला. कारण एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. वेब प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने खाली आणायचं प्रमाणपत्र देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं: मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १००, आणि मार्च २०२९ पासून ४७. एएस२ मध्ये सहीसाठी वापरलेली प्रमाणपत्रं बऱ्याचदा स्वतःच काढलेली, दोन-तीन वर्षांची असतात आणि त्यांना हा नियम थेट लागत नाही, पण ज्या वेब पत्त्यावर फाइल जाते त्याला लागतो. ४७ दिवसांचं काम माणसाच्या आठवणीवर सोडता येणार नाही. इथे कोडमधल्या तारखा उपयोगी पडतात. नवं प्रमाणपत्र जुन्याच्या शेवटच्या दिवसाआधी चालू होईल असं ओळखीच्या खंडाला दोन्ही जोडून ठेवता येतात, आणि मुदतीला महिना उरला की सूचना जाईल असंही लिहिता येतं.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप: कोड लिहिला की गुपितं कोडमध्ये जातात आणि कोडबरोबर फुटतात. हे खोटं नाही. २०१६ मध्ये उबरच्या खासगी गिटहब रिपॉझिटरीत घुसखोरांना अ‍ॅमेझॉनच्या साठ्याची ओळखपत्रं सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. टेराफॉर्म आपली स्थिती ज्या फाइलीत ठेवतो, तिच्यातही पासवर्ड साध्या मजकुरात उतरू शकतात, हे अनेकांना उशिरा कळतं. ओपनटोफूने २०२४ मध्ये त्या फाइलीला कुलूप घालण्याची सोय केली. टेराफॉर्मने त्यानंतर गुपित स्थितीत लिहिलंच जाणार नाही असे मार्ग दिले. पण आक्षेपाचं मूळ उत्तर यंत्रात नसून भागीदारीच्या स्वरूपात आहे. एसएफटीपीत भागीदार आपल्याला देतो ती सार्वजनिक किल्ली. एएस२ मध्ये तो देतो ते सार्वजनिक प्रमाणपत्र. दोन्ही उघड्यावर ठेवायच्याच वस्तू आहेत. म्हणजे शंभर भागीदारांची जवळपास सगळी नोंद निर्धास्तपणे कोडमध्ये राहू शकते. गुपित उरतात त्या आपल्या स्वतःच्या दोन-चार खासगी किल्ल्या, आणि त्या गुपितांच्या तिजोरीत ठेवून कोडमध्ये फक्त त्यांचा उल्लेख करायचा. जिथे भागीदाराला पासवर्ड दिला जातो तिथे मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो, आणि मी म्हणेन की तिथे कोड सोडण्याऐवजी पासवर्ड सोडावा.

दुसरा आक्षेप असा की कन्सोलमधली चूक एका भागीदारापुरती असते, कोडमधली चूक सगळ्यांवर जाते. हाही खरा, आणि त्याचं एक रूप फार कमी लिहिलं जातं. सर्व्हरच्या खंडात काही बदल असे असतात की साधन जुना सर्व्हर पाडून नवा उभा करतं. नव्या सर्व्हरचा पत्ता नवा, होस्ट कीही नवी. सकाळी शंभर भागीदारांची जोडणी तुटते, आणि त्यांच्या पडद्यावर जी सूचना येते ती घुसखोरी झाल्यासारखीच दिसते. काम अडलंय म्हणून ते ती बाजूला सारतात, आणि ओळख पडताळण्याची जी शिस्त आपण लावत होतो ती आपणच मोडून टाकतो. यावर उपाय आहेत: सर्व्हर पाडायला मनाई करणारी ओळ, स्वतःच्या डोमेनचं कायम नाव, आणि होस्ट की आपणच तयार करून जपून ठेवणं, म्हणजे नव्या सर्व्हरवर जुनी बसवता येते. या तीन गोष्टी पहिल्या भागीदाराआधी व्हायला हव्यात. जुन्या यंत्रांचंही तसंच. ओपनएसएसएचने सप्टेंबर २०२१ मध्ये शा १ वरची आरएसए सही मूळ मांडणीत बंद केली, आणि जुने क्लायंट वापरणारे भागीदार अडले. एकासाठी सर्वांचं सुरक्षा धोरण जुनं करण्याचा मोह होतो. कोडमध्ये त्याच्यापुरता वेगळा सर्व्हर, जुनं धोरण आणि ते संपण्याची तारीख लिहिता येते. खर्च वाढतो, पण सवलत एकट्याची राहते.

खर्चाचा विषय निघाला तर लहान उद्योगाचा आक्षेप टाळून चालणार नाही. भोसरीत बारा यंत्रांवर काम करणाऱ्या कारखान्यात टेराफॉर्म लिहिणारा माणूस कुठून येणार? ट्रान्स्फर फॅमिलीचा जाहीर दर प्रत्येक पद्धतीला ताशी ३० सेंट, म्हणजे एक बाइटही न हलता तीस दिवसांचे २१६ डॉलर. सर्व्हर थांबवून ठेवला तरी मीटर चालूच राहतो, तो पुसल्यावरच बंद होतो. युरोपी वाहन उद्योगात ओएफटीपी २ ही तिसरीच पद्धत चालते. त्या कंपन्यांना माल देणाऱ्या चाकणच्या पुरवठादाराला बँकेसाठी एक, इथल्या ग्राहकासाठी दुसरी आणि जर्मन ग्राहकासाठी तिसरी अशी तीन दारं सांभाळावी लागू शकतात. मोठ्याने अट घालायची आणि खर्च लहानाने सोसायचा, हे दोन दशकांपूर्वीही होत होतं आणि आजही होतं. माझं मत स्पष्ट आहे: सर्व्हर, कोड आणि त्याचा खर्च मोठ्या पक्षाचा. लहान पक्षाकडे विनएससीपीसारखा फुकटचा क्लायंट, स्वतः तयार केलेली किल्लीची जोडी आणि खासगी किल्ली कोणाला पाठवायची नाही एवढी समज असली की पुरे. मोठ्या पक्षाने ती समज एका पानावर मराठीत लिहून द्यावी. ज्याचे भागीदारच तीन आहेत त्याने कोडच्या मागे लागू नये, नीट ठेवलेलं रजिस्टर आणि दर तिमाहीला त्याची उजळणी पुरते.

फाइलींचा जमाना संपला, आता एपीआय वापरा, असंही सुचवलं जातं. जीएसटीचं ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० पासून तसं चालतंच. पण पगार, हप्त्यांची वसुली, महिन्याची मागणी ही कामं मुळातच गठ्ठ्यांनी होतात. आणि एपीआयलाही किल्ली लागते, मुदत लागते, अधिकाराची मर्यादा लागते. प्रश्न तिथेही हेच उभे राहतात.

भारतात या सगळ्याला आता कायद्याचा दाब आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने पेमेंट व्यवस्थेचा डेटा भारतातच साठवण्याचं बंधन घातलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि काम दुसऱ्याकडून करून घेतलं म्हणून मूळ संस्थेची जबाबदारी सुटत नाही. यांतल्या दोन अटी कोडमध्ये अक्षरशः एकेका ओळीच्या आहेत: लॉगच्या खंडात १८० हा आकडा, आणि वर प्रदेशाच्या जागी २०१६ पासून चालू असलेल्या मुंबई विभागाचं नाव. तपासनीसाला पडद्यांचे फोटो काढून पाठवण्यापेक्षा ती ओळ आणि ती कधीपासून तशीच आहे याचा इतिहास दाखवणं कितीतरी भक्कम. सहा तासांची अट मात्र भागीदाराने आपल्याला वेळेत कळवण्यावरही अवलंबून आहे. तो ज्या माणसाला फोन करणार त्याचं नाव करारपत्रात ताजं हवं.

भागीदारी संपते तेव्हा कोडचा गुण आणि मर्यादा एकाच वेळी दिसतात. जोडताना सगळ्यांचं लक्ष असतं, कारण काम अडलेलं असतं. तोडताना कोणाचंच काही अडत नाही, म्हणून संपलेल्या करारांच्या किल्ल्या वर्षानुवर्षं चालू राहतात. कोडमध्ये त्या भागीदाराचे खंड एकत्र असतात. ते खोडायचे, दुसऱ्याने तपासायचे, लागू करायचे. मग वापरकर्ता, किल्ली, फोल्डर, भूमिका, करार सगळं एका फेरीत जातं, आणि कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून तोडलं हे मागे राहतं. आपल्या बाजूचं दार बंद झालं. त्यांच्याकडे गेलेल्या फाइलींच्या प्रती आहेत तिथेच असतात. त्यांच्या यंत्रणेत आपलं प्रमाणपत्र अजून विश्वासू म्हणून नोंदलेलं असतं, त्यांच्या फायरवॉलमध्ये आपल्या आयपी पत्त्याला वाट मोकळी असते, आणि ती बंद करायला सांगणारं पत्र कोणी पाठवलं का, हे आपल्या रिपॉझिटरीत शोधून सापडत नाही.